कोंबडी नेली कुणी? वाचकांचे प्रश्न, मावशीची उत्तरं

मागच्या अंकात परसातल्या कोंबड्यांबद्दल थोडं लिहिलं आणि प्रश्न पाठवा म्हटलं, तर निम्म्याच्या वर पत्रं एकाच विषयावर आली, की कोंबड्या कोण नेतंय आणि त्याला थांबवायचं कसं. म्हणून हा सगळा अंक त्यावरच. खाद्य, लसी वगैरे पुढच्या वेळी.

मावशी नमस्कार. घणसोली गावठाणात आमचं बैठं घर आहे, मागे दहा-बारा गावठी कोंबड्या आहेत. खुराडं बांबूचं, बाहेरून चिकन मेश मारलीय. गेल्या महिन्यात तीन कोंबड्या मेल्या, तिन्ही रात्रीच. दार बंदच असतं, कोंबडी आतच पडलेली असते पण मुंडकं गायब, एकीचा पंख पण ओरबाडलेला. सासूबाई म्हणतात मुंगूस, आमचे हे म्हणतात बोका. शेजारचे काका म्हणतात माशाच्या मुंडक्यात विष घालून ठेव, एका रात्रीत निकाल लागेल. काय करू?
— एक वाचक, घणसोली

आधी विषाचं बोलते. अजिबात ठेवू नका. ते मुंडकं बोक्यानेच खावं असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं, गल्लीतलं कुत्रं खाईल, कावळा उचलून शेजारच्या अंगणात टाकेल, सकाळी तुमचीच कोंबडी त्यावर चोच मारेल, आणि गावठाणात लहान पोरं किती खाली खेळत असतात ते तुम्हाला माहितीय. शिवाय तो गुन्हा आहे. जनावराला विष घालून मारलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा लागतो, आणि मेलेलं मुंगूस किंवा उदमांजर निघालं तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, म्हणजे प्रकरण फॉरेस्टवाल्यांकडे. एवढं करून एक बोका मेला तरी आठवड्याभरात दुसरा त्याच जागेवर येतो, कारण खुराड्याचं भोक तसंच असतं.

आता चोर कोण ते बघू. सासूबाईंना सांगा, मुंगूस दिवसाचं जनावर आहे, सकाळी-दुपारी फिरतं आणि अंधार पडला की बिळात जातं. तुमच्या तिन्ही कोंबड्या रात्री गेल्या, तेव्हा मुंगसाला सोडा. मुंडकं नाही, धड आत पडलंय आणि खुराड्याचं दार बंदच होतं, याचा अर्थ कोणी आत शिरलंच नाही. कोंबडी जाळीला टेकून बसली होती, बाहेरून पंजा आला, जाळीच्या भोकातून मान ओढली, जेवढं बाहेर आलं तेवढं खाल्लं. हे काम बोक्याचं किंवा उदमांजराचं. उदमांजर म्हणजे कांडेचोर, तुमच्याकडे जुनी कौलारू घरं, ताडाची झाडं असतील तर तो असणारच, पत्र्यावर रात्री धावाधाव ऐकू येते ना, ते नेहमी उंदीर नसतात. घराच्या कौलावर किंवा भिंतीवर एकाच जागी पपईच्या, चिकूच्या बिया असलेली विष्ठा दिसली तर समजा उदमांजर आहे. बिचारं मुख्यतः फळंच खातं, पण कोंबडी हाताशी आली की सोडत नाही.

तेव्हा तुमचे हे बरोबर असतील किंवा अर्धे बरोबर असतील, पण उपाय दोघांवर एकच आहे.

ती सहा कोनांची पातळ चिकन मेश कोंबडीला आत ठेवायला ठीक, बाहेरच्याला बाहेर ठेवायला नाही. भोकं मोठी, तार पातळ, कुत्र्याने दोनदा दात लावले की उकलते. हार्डवेअरच्या दुकानात अर्धा इंची वेल्ड मेश मागा, जी.आय. ची (म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची), चौकोनी भोकाची. अख्ख्या खुराड्याला परवडत नसेल तर निदान खालचे तीन फूट आणि जिथे कोंबड्या बसतात त्या उंचीला एक पट्टा, बाकी जुनी जाळी राहू दे. जाळी बांबूला सुतळीने बांधू नका, लाकडी पट्टी ठोका आणि वॉशर घालून स्क्रू मारा, नुसते यू खिळे ओढले की निघतात.

दुसरं, बसायची दांडी. सगळे जाळीला लागून बांधतात, कारण जागा वाचते. ती आत घ्या, चारी बाजूंच्या जाळीपासून किमान फूटभर दूर. कोंबडीला अंधारात जवळजवळ काही दिसत नाही, एकदा बसली की शेजारणीचं मुंडकं गेलं तरी ही जागेवरून हलत नाही, म्हणून पंजा पोचणारच नाही अशी जागा तिला आपणच द्यायची. नवी जाळी या महिन्यात जमत नसेल तर फक्त दांडी आजच सरकवा, तेवढ्यानेसुद्धा मुंडकी वाचतील.

तिसरं, पत्रा आणि भिंत यांच्यामधली फट. सगळीकडे जाळी मारतात आणि वर चार बोटांची फट हवा यायला म्हणून ठेवतात. हवा येऊ दे, पण तिथे पण तीच जाळी. मांजराचं डोकं जिथून जातं तिथून अख्खं मांजर जातं. आणि दाराला नुसती आडवी कडी नको, ती पंजाने उचलली जाते, कोयंड्यात काहीतरी अडकवा, की-चेनचा स्प्रिंगवाला हुक पण चालतो.

मावशी, कासारवडवलीला रो-हाऊसमध्ये राहतो. मुलीसाठी दारावर विकायला आलेली रंगीत पिल्लं घेतली, मोठी पण झाली थोडी. दिवसा अंगणात सोडतो, पण घारी वर फिरत असतात, कावळे पण टपलेले, चार पिल्लं गेली. मुलगी रडते. वरून नेट मारू का, आणि कुठली?
— एक बाबा, घोडबंदर रोड

मुलीला सांगा घारीला पण घरी पिल्लं असतात, अर्थात त्याने रडणं थांबणार नाही.

ती रंगीत पिल्लं मशीनमध्ये उबवलेली असतात, त्यांना आई नाही, इथेच सगळी अडचण आहे. खुडूक बसून पिल्लं काढलेली गावठी कोंबडी घारीची सावली पडली तरी एक विशिष्ट आवाज काढते आणि पिल्लं क्षणात तिच्या पंखाखाली किंवा झुडपात, कावळ्याच्या तर ती अंगावर धावून जाते. तुमच्या पिल्लांना हे शिकवणारं कोणीच नाही, ती मोकळ्या फरशीवर उभी राहून वर बघत बसतात.

तेव्हा पिल्लं चांगली पिसं फुटून कबुतरापेक्षा मोठी होईपर्यंत मोकळं सोडायचं नाही. बांबूचं डालगं मिळतं, ठाणे स्टेशनजवळच्या बाजारात बुरुडाकडे विचारा, ते पिल्लांवर पालथं घालून वर एक दगड ठेवा, दगड विसरू नका कारण मांजर डालगं सहज उलटवतं. मात्र डालग्याच्या विणीतून मुंगसाचं तोंड जातं, म्हणून कोणीतरी आसपास असेल तेव्हाच.

अंगणाला वरून नेट मारायची तर बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात ती चालते, ताणून बांधा, झोळ पडला की पावसात पालापाचोळा साठून खाली येते. नेट नको असेल तर डोक्याच्या वर उभ्या-आडव्या दोऱ्या ताणायच्या, फूट-दीड फुटाच्या अंतराने, घार झेप घेताना पंख पसरते आणि तिला त्या दोऱ्या आवडत नाहीत. कावळा दोऱ्यांना घाबरत नाही, शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) पण मधून शिरतो, त्यामुळे लहान पिल्लांना नेटच. कोपऱ्यात एखादी जुनी खाट, दोन कुंड्यांची दाट झाडं ठेवा, लपायला जागा हवी.

एक मात्र सांगते, कोणी म्हणेल कोळीवाड्यातनं जुनं तंगूसाचं, म्हणजे बारीक नायलॉन दोऱ्याचं, जाळं आणून खुराड्याभोवती जमिनीपर्यंत गुंडाळ. वरती ठीक, जमिनीजवळ नको. त्यात साप अडकतो, धामण तर हमखास, अडकला की जितका वळवळतो तितकी तार मांसात रुतते आणि मग तुम्ही त्याला सोडवायला जाणार का? जमिनीलगत ताठ जाळी, वर मऊ नेट, असं ठेवा.

जुन्या सीड्या टांगून ठेवल्या, चमकणारी पट्टी बांधली, बुजगावणं उभं केलं, हे सगळं थोडे दिवस चालतं, मग कावळा त्या बुजगावण्याच्या डोक्यावर बसतो.

आमचं घर करावे गावात खाडीच्या बाजूला. रात्री कोल्हेकुई ऐकू येते, सकाळी खुराड्याच्या कडेला माती उकरलेली असते. एकदा अख्खी कोंबडी गेली, नुसती पिसं ओळीने कांदळवनाकडे गेलेली. मुलगा म्हणतो नवी मुंबईत कुठला कोल्हा, कुत्रं असेल. खरं काय?
— एक आजी, करावे

आजी, तुमचं खरं आहे. ठाणे खाडीच्या आणि आसपासच्या कांदळवनात सोनेरी कोल्हे आहेत, ऐरोलीपासून खारघरपर्यंत लोकांना दिसतात, आणि ते काही आज आलेले नाहीत, आपल्या इमारती नंतर आल्या. खेकडे, मासे, उंदीर, आणि आता आपला कचरा, यावर जगतात. कोंबडीची पिसं आणि मटणाचं पाणी टाकायची जागा खुराड्याजवळ असेल तर ती आधी बदला, वासाने येतात. दिवसा उजेडी कोल्हा माणसाच्या अंगावर येताना किंवा झिंगल्यासारखा फिरताना दिसला तर जवळ जाऊ नका, १९२६ ला फोन करा, ती वन विभागाची हेल्पलाइन आहे.

कुत्रं आणि कोल्हा यात फरक साधारण असा की कुत्रं खेळ केल्यासारखं चार-पाच कोंबड्या मारून तिथेच टाकतं, खातच नाही बऱ्याचदा. कोल्हा एक उचलतो आणि जातो. तुमची पिसांची ओळ कांदळवनाकडे गेलीय, मुलाला दाखवा.

उकरणाऱ्यावर उपाय म्हणजे जाळीचा पदर. खुराड्याच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला जमिनीवर दीड फूट रुंद वेल्ड मेश पसरायची, भिंतीच्या जाळीला तारेने शिवायची, वर माती किंवा पेव्हर ब्लॉक टाकायचे. उकरणारं जनावर नेहमी भिंतीच्या पायाशीच सुरुवात करतं, खाली जाळी लागते, थोडं इकडेतिकडे करून कंटाळतं, दीड फूट मागे सरकून तिथनं बोगदा काढावा एवढं त्याच्या डोक्यात येत नाही. खड्डा खणून जाळी उभी पुरायची पण पद्धत आहे, पण त्याला मेहनत जास्त आणि तुमच्याकडे खाली खारं पाणी लगेच लागतं.

त्यावरनं आठवलं, खाडीकाठच्या हवेत जी.आय. जाळी लवकर गंजते. मे महिन्यात पावसाच्या आधी सगळीकडे हाताने दाबून बघायचं, खालचा कोपरा सगळ्यात आधी जातो. प्लास्टिकचं कोटिंग असलेली वेल्ड मेश मिळते, थोडी महाग पण तुमच्यासाठी तीच घ्या.

येऊरच्या पायथ्याशी बंगला आहे. कॅमेऱ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून बिबट्या जाताना दिसला. कोंबड्या ठेवू की विकून टाकू? बायको म्हणते कुत्रा पाळू राखणीला.
— एक वाचक, ठाणे

कुत्रा राखणीला बाहेर बांधणार असाल तर बिबट्याला जेवणाचं आमंत्रणच. येऊरचं जंगल ज्याचा भाग आहे ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं, जवळजवळ चारी बाजूंनी शहर, आणि इथल्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा मोठा वाटा आहे हे अभ्यासातून दिसलेलं आहे. तुमच्या भिंतीवरून तो बहुतेक कुत्र्यांसाठी किंवा नुसताच वाट म्हणून जातोय, दहा कोंबड्यांसाठी नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यातच समतानगरच्या बाजूला एक बिबट्या थेट मॉलच्या आवारात शिरला होता, तिथे कुठे कोंबड्या होत्या.

तरी सोपी शिकार समोर दिसली तर तो घेईल. म्हणून तुमच्याकडे जाळीवर भागवू नका, रात्रीसाठी वीट-सिमेंटची छोटी खोली, वर पत्रा नटबोल्टने बांधलेला, लोखंडी दार. सूर्य मावळायच्या आधी कोंबड्या आत, उजाडल्यावर बाहेर. उरलंसुरलं अन्न आणि कचरा रात्री बाहेर नाही, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे तो. खुराड्याकडे रात्री जायची वेळ आली तर लाइट लावून, बोलत जा, मुलांना पाठवू नका. दिसला तर वाट मोकळी ठेवायची, पाठलाग नाही, घोळका नाही, व्हॉट्सॲपवर लोकेशन तर अजिबात नाही, बघायला गर्दी आली की जनावर बिथरतं. फोन १९२६.

कोंबड्या विकायची गरज नाही. कुत्रा हवाच असेल तर रात्री घरात झोपणारा.

मावशी, खारेगावला आमच्याकडे पिल्लांचे पाय खाल्लेले सापडतात!! अंग तसंच असतं. खुराड्याची फळी जमिनीपासून थोडी वर आहे. घूस असेल का? उंदीर मारायचा विषारी केक ठेवला तर चालेल का, तो हिरवा मिळतो तो?
— एक ताई, कळवा-खारेगाव

घूसच. किंवा मोठे उंदीर. पिल्लं फळ्यांच्या फटीवर झोपतात, खालून पाय ओढतात, भयंकर प्रकार आहे पण खालची फट बंद केली की त्याच दिवशी थांबतो. फळीवर आतून अर्धा इंची जाळी, त्यावर तूस पसरा.

केक नको. पिल्लं, कोंबड्या स्वतः तो टोचतात, आणि अर्धमेला उंदीर बाहेर पडला की कोंबडी त्याला पण मारून खाते, हो खाते, कोंबडी काही शाकाहारी नाही. तोच उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबड जातं, आणि तुमच्या खारेगावात उंदरांवर सगळ्यात चांगलं काम तेच करतं. पिंजरा लावा, सुकट किंवा भज्याचा तुकडा, बिळाच्या तोंडाशी नाही तर भिंतीलगत, कारण त्यांचा रस्ता भिंतीला धरून असतो.

आणि खरं कारण सांगू का, रात्री खाद्याचं भांडं आत राहतं. कोंबडी रात्री खात नाही. संध्याकाळी भांडं उचलायचं, सांडलेली कणी झाडून घ्यायची, पोतं झाकणाच्या ड्रममध्ये, पत्र्याच्या. प्लास्टिकचा ड्रम घूस कुरतडते. दाणा सांडला की उंदीर, उंदीर आले की मागोमाग साप, मग तुम्ही मला सापाचं पत्र पाठवणार.

अंडी गायब होतात. टरफल पण नाही. सापच असणार. एका ओळखीच्यांनी सांगितलं चिनी मातीचं खोटं अंडं ठेव, साप गिळेल आणि मरेल. फिनेल आणि कार्बोलिक ॲसिड पण शिंपडते मी आठवड्याला, तरी जातातच.
— गोठिवलीहून एक वाचक

बघा, वरचं वाक्य लिहितेय तोच तुमचं पत्र.

टरफलाचा एक तुकडाही नाही म्हणजे साप किंवा घोरपड, अख्खं गिळतात. टरफलं फुटलेली, इकडेतिकडे पडलेली असतील तर मुंगूस, कावळा, घूस. पेंढा ओला, पिवळा चिकटलेला असेल तर चोर घरातलाच, कोंबडीच स्वतःचं अंडं खातेय, तिला शिंपल्याचा चुरा द्या, तुमच्याकडे तिसऱ्यांची टरफलं कचऱ्यात जात असतील ती भाजून कुटून घाला.

खोटं अंडं ठेवू नका. साप आतून अडकून आठवडेच्या आठवडे तडफडून मरतो, आणि तो नाग असो की धामण, दोन्ही संरक्षित आहेत. धामण तर तुमचे उंदीर फुकटात खाते. फिनेल, कार्बोलिक यांनी साप जात नाही, कोंबड्यांच्या पायाला मात्र जळजळ होते आणि घरात पोरं आहेत.

अंडी दिवसातून दोनदा गोळा करा, संध्याकाळी एक पण शिल्लक नको. खुराड्याभोवती दोन-तीन फूट जागा मोकळी, विटांचा ढीग, जळणाची लाकडं, जुन्या टाइल्स दूर. अर्ध्या इंचाच्या जाळीतून अंडं गिळण्याएवढा साप जात नाही. पावसाळ्यात अंड्याच्या खोक्यात हात घालायच्या आधी टॉर्च मारायचाच, हा नियम करा, कारण अंडी खाणाऱ्या सापापेक्षा मला तिथे उंदरामागे आलेल्या घोणसाची जास्त भीती वाटते. साप दिसला तर लांबून नजर ठेवा आणि १९२६ किंवा तुमच्या भागातल्या वन विभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला बोलवा. चावला तर कापणं, बांधणं, चोखणं काही नाही, हलवायचं कमी आणि थेट सरकारी हॉस्पिटल, प्रतिविष तिथे असतं.

अजगराचंही एका वाक्यात, घोडबंदर, येऊर बाजूच्या दोघांनी विचारलंय: सकाळी खुराड्यात फुगलेला अजगर सापडतो तो याचसाठी की येताना सडपातळ होता, गिळल्यावर त्याच भोकातून बाहेर जाता येईना. काठीने ढोसू नका, घाबरला की गिळलेलं ओकतो, कोंबडी काही परत जिवंत होत नाही.

कोपरखैरणेत आमच्या गल्लीत भटकी कुत्री खूप, एकदा दार तोडून सहा कोंबड्या मारल्या. कुत्र्यांना खायला घालणाऱ्या मॅडमशी भांडण झालं. पालिका कुत्री उचलून दुसरीकडे का सोडत नाही?

नियमच तसा आहे, एबीसी नियम २०२३ (प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे), नसबंदी आणि रेबीजची लस देऊन कुत्रं साधारणपणे त्याच भागात परत सोडायचं. तुमच्या गल्लीतली झाली नसतील तर पालिकेकडे तक्रार टाका, आणि त्या मॅडमना बरोबर घ्या, खायला घालणाऱ्यांच्या हाती कुत्री सहज लागतात, तुमच्या नाही लागणार. खायला घालायची जागा तुमच्या दारापासून लांब ठरवा, भांडणापेक्षा हे लवकर होतं.

दार मात्र तुमचंच. दारावर कुत्रं फक्त जोराने धडकतं, कडी काढणं त्याला जमत नाही, म्हणून दार आत नाही, बाहेर उघडणारं हवं, म्हणजे धडक दिली की चौकटीवरच बसतं. खालची कडी आणि वरची कडी, दोन्ही. जाळीची तार जाड घ्या. सोडवायला मध्ये पडलात आणि दात लागला, कुत्र्याचा, मांजराचा, मुंगसाचा, कशाचाही, तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनला जा, हळद भरत बसू नका.

कोंबडा ठेवला तर राखण करतो का?
— इयत्ता सातवी, बेलापूर

ओरडून सांगतो, लढतो पण थोडा, घारीवर, मांजरावर. कुत्र्यापुढे मरतो. रात्री तो पण झोपलेलाच. पहाटे तीनला आरवतो ते शेजाऱ्यांना आवडेल का हे आईला विचार आधी.

दिवाळे गावातून लिहितोय. गटारीच्या आधल्या आठवड्यात दरवर्षी आमच्या दोन-तीन कोंबड्या जातात. पिसं नाहीत, रक्त नाही, जाळी शाबूत, कडी व्यवस्थित लावलेली. कुठलं जनावर असेल?

दोन पायांचं. कडी परत लावून जाणारं दुसरं जनावर मला माहीत नाही. आषाढात कुलूप लावा आणि खुराड्यावर एक कॅमेरा, सिमकार्डवाला मिळतो, नाही मिळाला तर त्याचा नुसता डबा टांगला तरी फरक पडतो.

दोन कोंबड्या सकाळी मेलेल्या सापडल्या, कुठेही जखम नाही. काय चावलं असेल? मान वाकडी झाली होती.
— मुंब्रा

काही चावलेलं नाही. वाकडी मान, हिरवट शी, हे मानमोडीचं लक्षण, म्हणजे राणीखेत, त्याची लस आधी द्यायची असते. आणि एकापाठोपाठ मरायला लागल्या तर बर्ड फ्लूची शंका घ्या. आपल्या ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या वेहळोलीत फेब्रुवारी २०२२ मध्ये झाला होता, जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या रायगड जिल्ह्यात उरणच्या चिरनेरला, तिथे तर परसातल्याच कोंबड्या होत्या. पशुसंवर्धनाच्या १९६२ या नंबरला कळवा. मेलेली कोंबडी खाडीत, नाल्यात, कचराकुंडीत टाकायची नाही, कापून खायची तर नाहीच, हातमोजे घालून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, नाहीतर कुत्री उकरतात आणि तेच सगळीकडे फिरतं. बाकीच्या कोंबड्या डॉक्टर येईपर्यंत वेगळ्या.

गणपतीला आम्ही आठवडाभर कोकणात जातो, कोपरीत घर आहे, आठ कोंबड्या. ऑनलाइन ते आपोआप उघडणारं-बंद होणारं दार मिळतं, सेन्सरवालं. ते लावून निवांत जाऊ का?

दार चांगलं आहे, उजेडावर चालतं, मी नाव ठेवणार नाही. पण ते मोजत नाही. एखादी कोंबडी बाहेर राहिली तर ते वेळेवर बंद होतं आणि ती रात्रभर बाहेर. भाद्रपदात ढगाळ असलं की सेन्सर लवकर अंधार समजतो, पाऊस मोठा झाला की लाइट जाते. म्हणून जायच्या आधी आठवडाभर लावून बघा, सगळ्या आत आल्यावर बंद होतंय का ते. आणि तरी रोज संध्याकाळी एक माणूस हवाच, येऊन मोजेल, आठ, खाद्याचं भांडं उचलेल, अंडी काढेल. आठवडाभर अंडी साठली तर खुराड्यात काय काय येईल ते वर लिहिलंच आहे. शेजाऱ्यांना सांगा अंडी तुमचीच, म्हणजे ते न विसरता येतात.